उजव्या पायाची गाडी

माझ्या गाडीला क्लच नाही. प्रवासाची हकीकत सांगायला बसून पहिल्याच ओळीत क्लच कशाला, असं कुणालाही वाटेल. पण हा प्रवास त्या नसलेल्या क्लचमुळेच घडला. मी चार वर्षांची असताना तापात डावा पाय गेला. पाय जागेवर आहे, लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून मी त्याच्यावर उभी राहते, शाळेत रोज पाच तास गणित शिकवते. पण पेडल दाबण्याचं बळ त्याच्यात नाही. म्हणजे मोटार चालवणं माझ्या पत्रिकेत नव्हतं.

ती पत्रिका आबांनी, माझ्या वडलांनी, बदलली. सोलापुरात एका गिरणीमालकाच्या मोटारखान्यात एक जुनी अमेरिकन गाडी धूळ खात पडली होती. तिचे गिअर आपोआप पडतात. पायाखाली दोनच पेडलं, एक पळायचं आणि एक थांबायचं, आणि दोन्हींना मिळून एक उजवा पाय पुरतो. आबांनी ती आणली, चालू करवली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुणाला न विचारता, कुणाची वाट न बघता मंडईत गेले. नुसती मेथीची जुडी आणली, पण ती मेथी मी अजून विसरलेले नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या डोळ्यांत ही गाडी खुपते. तो दुष्ट नाही, काळजीखोर आहे, आणि काळजीखोर माणसाशी भांडणं जास्त अवघड. "वाटेत बंद पडली तर तू चालत येणार आहेस का?" असं तो विचारतो. दिवाळीच्या सुट्टीत गोदूआत्याला घेऊन बसवकल्याणला जाते म्हटल्यावर त्यानं सरळ करारच केला. गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली तर तो पुन्हा चकार शब्द काढणार नाही. ट्रकवर चढवून आणावी लागली तर भंगारवाल्याला देऊन टाकायची. "कबूल," मी म्हणाले. जिभेला हाड नसतं ते असं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आबांचा नियम आहे, रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तेल बघायचं. इंजिनाच्या तेलाची पट्टी मी रोज बघत असे. निघायच्या आठवड्यात मला शोध लागला की इंजिनाच्या मागच्या बाजूला गिअरबॉक्सच्या तेलाची आणखी एक पट्टी आहे. काढून बघितली तर तेल वरच्या खुणेच्या चांगलं वर चढलेलं. जास्त तेल कमी तेलाइतकंच वाईट, हेही आबांचंच वाक्य. मी रबरी नळी घातली आणि खुणेवर बरोबर येईपर्यंत तेल काढलं. दोन बाटल्या निघाल्या. लालभडक तेल, आणि मिळतं फक्त मुंबईला. टाकवेना, म्हणून बुचं घट्ट लावली, आत्याच्या एका जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि डिकीत ठेवली. मग हात धुऊन, मोठं काम केल्याच्या थाटात चहा प्यायले.

नळदुर्ग, उमरगा आणि पुढे

आत्या बरोबर असली की प्रवासात उपासमार होत नाही. नळदुर्गला धपाटे आणि दही झालं. फराळाचा डबा काढायला आत्यानं डिकी उघडली आणि लाल बाटली हातात धरून विचारलं, "सुमे, कोकमाचं सरबत आणलंस आणि लपवून ठेवलंस?"

"गाडीचं तेल आहे ते, आत्या."

"गाडीचं तेल लुगड्यात आणि माझे लाडू वर्तमानपत्रात! बरं आहे," असं म्हणून तिनं बाटली परत गुंडाळली.

उमरगा मागे पडलं, म्हैसूर राज्याची पाटी आली, आणि साधारण तिथूनच एक बारीक सूर ऐकू यायला लागला. आत्या म्हणाली, "जवळपास कुठेतरी पिठाची गिरणी चालू आहे." आम्ही दोघी दोन मैल ती गिरणी शोधत गेलो. दोन्ही बाजूंना फुलावर आलेली तूर, मध्येच काळ्या रानात वीतभर वर आलेला जोंधळा, आणि गिरणी काही मागे पडेना. मी वेग वाढवला की ती चढायची, कमी केला की उतरायची. गिरणी आम्ही बरोबर घेऊनच निघालो होतो.

बसवकल्याणच्या अलीकडे एका चढावर इंजिन एकदम गरजलं आणि गाडी मात्र मागून कुणी पदर धरल्यासारखी रेंगाळली. पेडल आणखी दाबलं तर आवाज वाढला, वेग नाही. मी गाडी कडेला घेतली.  अर्ध्या तासानं पुन्हा सुरू केली तर शहाण्यासारखी चढ चढली. मला वाटलं, दमली असेल. आपल्याला हवं ते कारण मनाला फार लवकर सापडतं.

बसवकल्याण

आत्या याला अजून कल्याणी म्हणते. निजामाच्या अमलात तिचे यजमान इथल्या शाळेत मास्तर होते, आणि लग्नानंतरची सहा वर्षं तिनं इथे काढली. आम्ही उतरलो तिच्या तेव्हाच्या शेजारणीकडे, नीलाक्कांकडे. दोघी भेटल्या तेव्हा रडल्या नाहीत. एकमेकींचे दात मोजले. आत्याचे चार जास्त भरले.

नीलाक्कांच्या घरी एका जेवणात तीन भाषा वाढल्या जातात. सुनेशी कानडी, दारात आलेल्या दूधवाल्याशी दखनी उर्दू आणि आमच्याशी मराठी, आणि भाकरी थापताना हात एकदाही थांबत नाही. ताटात पातळ कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि आंबाडीची भाजी, जिला तिथे पुंडीपल्ल्या म्हणतात. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी वाढू का" असं विचारायची रीत आहे. इथे विचारत नाहीत. नीलाक्कांनी तिसरी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "न्हाई म्हणायचं आसंल तर उद्या म्हणा."

संध्याकाळी आत्यानं मला त्रिपुरांतक तलाव दाखवला, किल्ला दाखवला, ती पाणी भरायची तो घाट दाखवला. मी हो हो म्हणत होते. खरं सांगायचं तर तलावात मला गिअरबॉक्सच दिसत होती.

सकाळी तर आणखी बिघडलं. सुकाणूखालची गिअरची दांडी पुढच्या खुणेवर घेतली की गाडीला लगेच ओढ लागायची. आता मी मोजून सात आकडे म्हणत होते, तेव्हा कुठे ती हिसका देऊन निघत होती. तेल मात्र मी निघण्याआधी नियमाप्रमाणे बघितलं होतं. अगदी खुणेवर.

बसस्टँडजवळ खलीलमियांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचा माणूस, कोपरापर्यंत काळा, आणि बोलणं सरळ. त्यांनी इंजिन चालू असताना वाकून ऐकलं. मग इंजिन बंद करायला लावून, जरा वेळानं पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. "तेल तो बराबर है बाईजी."

"मग काय झालं असेल?"

"अंदर के प्लेटां गए होंगे. खोलना पडता." प्लेटां म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या, गिअर धरणाऱ्या चकत्या. त्यांनी हात पुसले. "पन मैं नै खोलता. ऐसी गाडी आज तक खोला नै. खोला तो फिर बंद करना नै आता. झूट कायकु बोलूं?"

गुरुवारी जोंधळ्याची पोती घेऊन एक ट्रक सोलापूरला जाणार होता. त्यावर गाडी चढवता येईल, असं त्यांनीच चांगुलपणानं सुचवलं. ट्रक हा शब्द ऐकला आणि मी त्यांच्या दुकानातल्या एका ट्रॅक्टरच्या मडगार्डला टेकून रडले. गाडी जाणार म्हणून नाही. पुन्हा दारात उभं राहून भावाला, भाच्याला, टांगेवाल्याला, "मला जरा सोडता का" असं विचारायचे दिवस येणार म्हणून. ते दिवस मी तीस वर्षं काढले होते.

 आत्यानं पदरानं माझं नाक पुसलं, मी जणू अजून चारच वर्षांची. खलीलमियां अवघडून गेले. मग एकदम म्हणाले, "ठैरो. कोहिनूर में लछमन अण्णा है. हैदराबाद में जागीरदार का ड्रायवर था. ऐसीच गाडी थी बोलते, बगैर किलच की. चलो, मैं भी आता. मेरेकु भी देखना है." आणि दुकान शेजारच्या पानवाल्याच्या स्वाधीन करून ते मागच्या सीटवर बसले.

कोहिनूर

कोहिनूर गावाच्या ज्या वाटेला चांगल्या गाडीला तास लागू नये तिला आम्हाला तीन लागले. गिरणी जोरात आली की थांबायचं, अर्धा तास बसायचं, पुन्हा निघायचं. बसायला जागा मात्र छान मिळाल्या. एका बांधावर एका बाईनं विचारलं, "गाडी कामून हुभी केलाव?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच ओंजळभर ओल्या शेंगा आत्याच्या ओटीत टाकल्या. खलीलमियां शेंगा सोलता सोलता वहीत काही लिहावं तशी माझी उलटतपासणी घेत होते. विसावा दिला की बरी चालते? हो. मग पुन्हा बिघडते? हो. "प्लेटां गए तो विसावा लेके कैसे सुधरते?" ते स्वतःशीच म्हणाले. त्या एका प्रश्नानं मला दोन दिवसांत पहिल्यांदा धीर आला.

लक्ष्मणअण्णांचं घर गावाच्या कडेला, पुढे झाडून घेतलेलं अंगण. पासष्टीचे असतील, कोरडवाहू आठ एकर आहे, ते करतात. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली चकचकीत पुसलेला पितळी भोंगा, जुन्या मोटारीला असायचा तसला. ऐकू जवळजवळ येत नाही. त्यांच्या पत्नी, गयाबाई, त्यांच्या उजव्या कानाशी ओरडून आमचं येणं सांगत होत्या, पण त्याची गरज पडली नाही. ते गाडीकडे बघत उठले आणि चालत येऊन बॉनेटवर तळहात ठेवला.

"अशीच व्हती. काळी," ते म्हणाले. "जहागीर गेली, गाडी राह्यली, म्हणून मी बी राह्यलो. सतरा वर्षं."

खलीलमियांनी चाकांना दगड लावले. लक्ष्मणअण्णांनी गाडीतली चटई उचलली, बाभळीची एक काठी आणवली, तिचं एक टोक माझ्या पायाजवळच्या उंचवट्यावर, गिअरबॉक्सच्या बरोबर वर, टेकवलं आणि दुसरं टोक दातांत धरलं. आत्या तोंडाला पदर लावून बघत राहिली.

काठी काढून ते म्हणाले, "कान गेलेत ताई. दात हायत अजून. पळवा इंजान."

मी दांडी मधल्या खुणेवर ठेवून पेडल दाबलं. गाडी जागची हलली नाही, पण गिरणी चढली. सोडलं, उतरली. त्यांनी डोळे मिटून तीनदा तेच करायला लावलं.

"चाकाचं न्हाई ह्ये. चाकं हुभी हायत, तरी वरडायली. आतला पंप वरडायलाय. हिला तेल मिळंना झालंय."

"तेल पूर्ण आहे!" मी त्यांच्या कानाशी ओरडले. "रोज बघते! खलीलमियांनीही बघितलंय!"

"कवा बघितलाव?"

"सकाळी! इंजिन बंद असताना!"

लक्ष्मणअण्णांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले. राग यावा असं हसू नव्हतं ते. ओळखीचं माणूस भेटल्यावर येतं तसं होतं. "मी बी पहिल्या वर्षी तसंच बघितलो," ते म्हणाले. "जास्तीचं हाय म्हणून काढून बी टाकलो. मालकीणबाई दोन घंटे रस्त्यात बसून व्हत्या. लई बोलणी खाल्लो."

मग त्यांनी समजावलं, आणि ते मी इथे लिहिते कारण असली गाडी आणखी कुणाकडे असली तर त्याचा एक ट्रक वाचेल. इंजिन बंद झालं की वर चढलेलं तेल थोड्याच वेळात खाली उतरून बसतं. सकाळी पट्टी घातली तर ती तुडुंब दाखवते. इंजिन सुरू झालं की पंप तेच तेल वर ओढून घेतो, आणि खाली खरंच किती उरतं ते तेव्हाच कळतं. विसावा मिळाला की उतरलेलं तेल पंपाला थोडा वेळ पुरायचं, म्हणून ती तेवढी बरी चालायची. या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून, गाडी तापल्यावर बघायचं असतं. इतर सगळ्या गाड्यांना जी शिस्त, ती हिला चूक.

मी ब्रेक दाबून धरला. त्यांनी दांडी सगळ्या खुणांवरून एकेकदा फिरवायला लावली आणि इंजिन चालू असतानाच पट्टी ओढली. तिच्या टोकाला नुसता लाल फेस लागला होता. खुणा दोन्ही कोरड्या. खलीलमियांच्या तोंडून "या अल्ला" निघून गेलं.

लक्ष्मणअण्णांनी फेस बोटांवर चोळला, नाकाशी नेला.  "करपल्याला वास न्हाई. रंग बी लालच हाय," ते म्हणाले. "प्लेटा चांगल्या हायत. तहानलीय नुसती. पण ह्ये तेल हिकडं कुठं मिळायचं? तुमी काढलाव का हिचं कवा?"

मी सुकाणूवर डोकं टेकलं. "डिकीत आहे," मी म्हणाले. "दोन बाटल्या."

"माझ्या लुगड्यात!" आत्या ओरडली, आणि त्या वयात जितकं पळता येतं तितकं पळत डिकीकडे गेली.

नरसाळं धुऊन पुसून पहिली बाटली ओतली. इंजिन चालूच. पट्टी बघितली. दुसरी थोडी थोडी. आणि ती अर्धी झाली असेल नसेल, तो सूर बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि नाहीसा झाला. अंगणात कोंबड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. "गिरणी बंद झाली," आत्या म्हणाली. मी हसले, मग पुन्हा रडले. या खेपेला माझं नाक गयाबाईंनी पुसलं. उरलेली अर्धी बाटली लक्ष्मणअण्णांनी बूच लावून परत दिली. "ऱ्हाऊ द्या. तापल्यावर तेल फुगतंय."

दुपारी त्यांच्याकडे हुरडा नव्हता, ते दिवस नव्हते, पण गरम भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि गुळाचा चहा होता. आत्या परक्या घरचं पाणीही जपून पिणारी. तिनं गयाबाईंच्या शेजारी चुलीपाशी बसकण मारली आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी बघितलं. सोलापूरला जाऊन तिला चिडवायला ते राखून ठेवलं.

निघताना मी लक्ष्मणअण्णांच्या कानाशी ओरडून विचारलं, तुमच्यासाठी काय करू? त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, निदान एकदा चालवून तरी बघा. मला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी पुन्हा मान हलवली, गाडीकडे बघितलं आणि जरा ओशाळून म्हणाले, "चालवलो लई, ताई. मागची शीट रोज पुसलो. सतरा वर्षं. बसलो न्हाई कदी."

 मग खलीलमियांनी काळे हात सदऱ्याला पुसले, मागचं दार उघडलं आणि झुकून सलाम केला. "बैठो साब."

गयाबाई आत जाऊन हिरवं लुगडं नेसून आल्या. अण्णांनी पाय धुतले आणि पायताण दारात सोडलं. दोघं मागे बसले, गयाबाई ताठ, पिशवी मांडीवर घेतलेली, जणू लांबच्या गावाला निघाल्यासारख्या. मी दांडी पुढे घेतली. सात आकडे मोजायची गरज पडली नाही. एकावरच ओढ लागली.

गावातून विहिरीपर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. अण्णांचे अनवाणी तळवे फळीवर टेकलेले. "दुसरा," ते मागून म्हणाले, आणि खरोखरच गिअर बदलला होता, मला कळण्याआधी त्यांना. विहिरीचा चढ आला. ज्याची मला धास्ती होती तसलाच चढ. गाडी घसरली नाही, गरजली नाही, चढून गेली. "तिसरा," अण्णा म्हणाले. देवळाच्या पारावरची माणसं उठून उभी राहिली.

येताना मी वाट बघत होते, पण मागून काही आवाज आला नाही. "तिसरा पडला का हो अण्णा?" मी ओरडून विचारलं.

"ऱ्हाऊ द्या ताई," गयाबाई म्हणाल्या. "खिडकीतनं बघायलेत."

मी तेव्हा गाडी पुन्हा विहिरीकडे वळवली आणि आणखी एक फेरी मारली.

सोलापूर

परतीत सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि याच्याइतकं सुखाचं वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही. खलीलमियांना त्यांच्या दुकानापाशी सोडलं. पानवाल्यासमोर ते मला म्हणाले, "इंजन चालू, फिर पट्टी. लिख के लगाता मैं दुकान में." नीलाक्कांनी वाटेसाठी कडक भाकऱ्यांची चळत बांधून दिली, विचारलं अर्थातच नाही. उमरग्याच्या पुढे आत्या झोपली आणि तिच्या घोरण्याखेरीज गाडीत कसलाही आवाज नव्हता.

भाऊ फाटकात उभा होता. त्याच्यामागे ओसरीवर आबा. मी इंजिन बंद न करता काच खाली केली. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांकडे बघितलं, कान देऊन ऐकलं. मग म्हणाला, "काही झालं नाही ना वाटेत?"

"तेल कमी पडलं होतं."

"कमी कसं पडलं?"

"मीच काढलं होतं," मी म्हणाले. तो हसला आणि मीही हसले.

मग त्यानं खिशात हात घालून, माझ्याकडे न बघता सांगितलं, "मी भंगारवाल्याला बोलावून ठेवलंय. उद्या सकाळी येईल. त्याला काय सांगू?"

मी आबांकडे बघितलं. ते काठी टेकत उभे राहायच्या तयारीत होते. किती दिवसांत त्यांनी मंडई बघितली नव्हती.

"सांग," मी म्हणाले, "बाई घरी नाहीत. गाडी घेऊन बाहेर गेल्यात."